अर्धा राहिलेला सांधा

अप्पा, तुम्ही रंधा मारलेल्या जागेवरून परवा गिटार दुरुस्त करणाऱ्या सेल्वम अण्णांनी अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "हे कुणी केलंय?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. मला उत्तर द्यायला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. कॉलेजात तोंडी परीक्षेला येत असलेलं उत्तरसुद्धा माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही आणि सरांना वाटतं, याला काही येत नाही. पण परवाचं गप्प राहणं तसलं नव्हतं. ते तुमच्यावर हसतील अशी मला भीती वाटली. आणि त्याहून जास्त भीती याची, की ते हसले तर मी पुन्हा गप्पच बसेन.

तुम्ही गेलात त्याला दीड महिना होत आला. कुणीतरी म्हणालं, लिहून काढ, हलकं वाटेल. हलकं वाटायला नको आहे मला. दोन गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहिल्यात आणि त्या सांगायला आता कागदाशिवाय दुसरी जागा नाही. तुम्ही अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचात. म्हणून सोपं लिहितो.

गिटार घरी आली तो दिवस आधी सांगतो, कारण तो चांगला होता. पुण्याहून इकडं कन्नड मुलखात नोकरीसाठी आलेला एक दादा शहर सोडून चालला होता आणि ट्यूशनच्या पैशांतून मी त्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. आनेकलच्या आपल्या दोन खोल्यांत ती ठेवायची कुठं, हाच पहिला प्रश्न. आई म्हणाली, तांदळाच्या डब्याशेजारी ठेव. तुम्ही कामावरून आलात, पाय धुतलेत आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलात.

"वाजीव की."

मी तार छेडली. तुम्ही वाट बघत राहिलात.

"झालं?"

"ही विजेवर चालते अप्पा. मोठा आवाज यायला अँप्लिफायर लागतो. तो कॉलेजात आहे, बँडच्या खोलीत."

"म्हंजे घरात नुसती दिसाय आणलीयास. एवढी दांडगी वस्तू आणि आवाज डासागत!"

आई पदर तोंडाला लावून हसली. मी जरा खट्टू झालो. ते तुम्हाला दिसलं असणार, कारण तुम्ही पुढं सरकलात आणि गिटारच्या अंगाला कान लावलात. "आता वाजीव." मी वाजवली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. लाकडाला कान लावल्यावर आवाज मोठा येतो हे मला ठाऊक नव्हतं. घरी आणण्याआधी तीन महिने मी ती कॉलेजात वाजवत होतो आणि मला ते सुचलं नव्हतं. "लाकूड बोलतंय की रं," तुम्ही म्हणालात. मग आईलाही कान लावायला लावलंत. त्या संध्याकाळी आपण तिघांनी पाळीपाळीनं कान लावून गाणं ऐकलं. असं गाणं ऐकणारं घर आनेकलात दुसरं नसेल.

तुमचं काम पेट्यांचं. कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या यंत्रांना लाकडी पेट्या करायच्या, आत पाचरी मारून यंत्र जखडायचं आणि वरून काळ्या शाईनं खुणा काढायच्या. पेला म्हणजे आत फुटणारं आहे. छत्री म्हणजे पाणी लागू देऊ नका. बाण म्हणजे ही बाजू वर. निपाणीकडच्या शाळेत तुम्ही चौथीपर्यंत गेलात, इंग्रजी आलं नाही, पण या खुणा जगात कुठंही कळतात याचा तुम्हाला अभिमान होता. "जर्मनीतला हमाल असू दे न्हाईतर जपानातला. माझं लिवलेलं वाचतोच त्यो."

एका रविवारी मी झोपलेलो असताना तुम्ही गिटारच्या कापडी कव्हरवर त्याच शाईनं खुणा काढल्यात. एक पेला, एक छत्री, एक बाण वर. अगदी रेखीव. मला उठवून दाखवलंत. "आता बसमधी कोण आपटणार न्हाई." मी म्हणालो, छान आहे. खरंच छान होतं.

सोमवारी मी ते कव्हर पाठीवर घेऊन कॉलेजात गेलो. बँडच्या खोलीत पहिलाच जण ओरडला, "अरे, पार्सल आलं! सही कुठं करायची?" दुसऱ्यानं मला धरून सरळ उभं केलं. "ए, ही बाजू वर!" सगळे हसले. ती वाईट पोरं नाहीत अप्पा. त्यांच्या घरी पेट्या करणारं कुणी नाही, एवढंच. त्यांनी विचारलं, हे कुणी काढलं? मी म्हणालो, ज्याच्याकडून घेतली त्याचंच असेल.

ही पहिली गोष्ट. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कव्हर खाटेखाली मागं ढकललं आणि गिटार जुन्या चादरीत गुंडाळून न्यायला लागलो. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणालो, चेन बिघडलीय. "दे, मी बघतो," म्हणालात. मी म्हणालो, कॉलेजजवळ दुरुस्त करतो. आठवडाभरानं बसमधून उतरताना मागून रेटा आला, चादरीची गाठ सुटली आणि गिटार पायरीवरून पाठीवर पडली. आवाज फार मोठा झाला नाही. सुकी फांदी मोडते तसा. चादर उघडून बघितलं तर तिचं डोकं, जिथं तारा पिळायच्या खुंट्या असतात ना, ते मानेपासून मोडून नुसत्या तारांना लटकत होतं. कव्हरात असती तर वाचली असती की नाही, सांगता येत नाही. पण ती कव्हरात नव्हती.

घरी तुम्ही काही विचारलं नाहीत. तुम्ही मोड बघत बसलात. दोन्ही तुकडे उजेडाकडं धरलेत, नख फिरवलंत आणि म्हणालात, "हे मोडणारच होतं रं विन्या. बघ, लाकडाच्या रेघा सरळ चालल्यात आणि डोकं तिरकं कापून काढलंय. रेघा हितंच तुटल्यात. सरळ लाकडातनं वाकडं कापलं की हितं जीव ऱ्हात न्हाई."

मला राग आला. वाटलं, ज्यांनी ही बनवली त्यांना शहाणपण शिकवताय. मी म्हणालो, "मोठ्या कंपनीची आहे अप्पा." तुम्ही म्हणालात, "असू दे की. लाकडाला कुठं ठाऊक हाय कंपनी."

दोन दिवसांनी मी कॉलेजातून आलो तर तुम्ही अंगणात बसला होतात. समोर रंधा, कोन बघायचा गुण्या, आणि पायाशी लालसर लाकडाच्या बारीक ढलप्या. मोडलेल्या दोन्ही तोंडांवरचे सगळे कपचे तुम्ही काढून टाकले होते. दोन्ही बाजू तिरक्या आणि आरशासारख्या गुळगुळीत. मी आदली रात्रभर फोनवर बघत बसलो होतो. सगळीकडं एकच सांगितलेलं, मोडीचे कपचे जपा, त्यांना हात लावू नका, ते एकमेकांत जसेच्या तसे बसतात. ते मला तुम्हाला सांगायचं होतं. सकाळी उशीर झाला म्हणून सांगितलं नव्हतं.

"काय केलंत हे!"

"कपचं ठेवून सांधा धरत न्हाई. आता तोंडं साफ झाली. मधी घालाय एक चांगलं लाकूड बघतोय. दोन दिस थांब."

"मशीनची पेटी आहे का ही? कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

ही दुसरी गोष्ट. ही तर तुम्ही ऐकलीच आहे. हीच मला परत घ्यायची होती.

तुम्ही रंधा खाली ठेवलात. ढलप्या गोळा केल्यात, एकेक. मी गिटार उचलून माळ्यावर टाकली. आई आतून म्हणाली, "विनू, बापाशी असं बोलत्यात?" तुम्हीच तिला म्हणालात, "असू दे. त्याची वस्तू हाय."

पुढं तीन आठवडे आपण नीट बोलत होतो. तसं वाईट काही नव्हतं. जेवलास का, परीक्षा कधी, बस मिळाली का. एकदाच तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, "देतोस काय ती खाली?" मी पुस्तकातून डोकं वर न काढता "नको" म्हणालो. तुम्ही "सरी" म्हणालात. बरं म्हणायच्या ऐवजी, इथल्या लोकांसारखं, मान हलवून. मला वाटलं होतं, सत्र संपलं की निवांत बसून सांगीन. म्हणीन, अप्पा, मी तसं बोलायला नको होतं, पण तुम्हीही विचारायला हवं होतं. मग आपण भांडू थोडं. तुम्ही म्हणाल, सांधा धरलाच असता. मी म्हणेन, नसता. ते भांडण मी मनात ठेवून दिलं होतं, जसं एखादं चांगलं काम सुट्टीसाठी ठेवतात.

त्या सोमवारी चहाच्या सुट्टीत तुम्ही कारखान्याच्या फाटकाशी बसलात ते उठला नाहीत. मी प्रयोगशाळेत होतो. फोन बाहेर दप्तरात होता.

तेराव्याला तुमच्या खात्यातले मंजण्णा आले. जेवले नाहीत, नुसता चहा घेतला. जाताना पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. आत लाकडाचा एक ठोकळा होता. वीतभर लांब, जड, तेलानं मळलेला.

"परदेशातून आलेल्या एका मशीनच्या पेटीचा पाया होता," मंजण्णा कन्नडात म्हणाले. "तुझ्या अप्पानं रोज जेवणाच्या सुट्टीत सगळा ढीग उलटापालटा केला. आम्ही म्हणायचो, अण्णा, सोनं पुरलंय काय खाली? तो म्हणायचा, पोराच्या वाद्याला लाकूड पाहिजे, असंतसं चालत नाही. हा तुकडा मिळाल्यावर त्यानं तो कपाटात कुलूप लावून ठेवला. साहेब म्हणाले, काय आहे रे ते? तर म्हणतो, माझ्या पोराच्या कॉलेजचं काम आहे."

तुम्ही "नको" ऐकल्यावरही शोधत होतात, हे मला असं कळलं.

मग मी ठरवलं की सांधा पुरा करायचा. माळ्यावरून गिटार काढली. न्यायला कव्हर हवं म्हणून खाटेखाली हात घातला. ते मागं भिंतीशी नव्हतं. पुढं होतं, नीट घडी घालून ठेवलेलं. उघडलं तर पेला अर्धा पुसलेला, छत्री फिकट आणि बाणाच्या जागी नुसता करडा डाग. कापडाला अजून रॉकेलचा वास येत होता.

मी आईकडं बघितलं. ती भाजी निवडत होती.

"गिटार मोडली त्याच रात्री सापडलं त्यास्नी," ती म्हणाली. "चेन चांगली हाय म्हणाले. दुसऱ्या दिवशी रॉकेल लावून घासत बसले हुते. मी म्हटलं, स्वताच काढलं आणि स्वताच पुसताय व्हय? तर म्हणाले, शाई लई पक्की हाय गं, जाईना."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगू नको म्हटलं. पोरगं कॉलेजात जातंय, त्याला लाज वाटली असंल, म्हणाले. चिडलं न्हाईत. खरंच न्हाईत, विनू."

चिडला असतात तर बरं झालं असतं, अप्पा. मी तिथंच खाटेशी बसून राहिलो. आईनं निवडलेली मेथी बाजूला सारली आणि माझ्याजवळ येऊन बसली. ती आता कमी बोलायला लागली आहे. तुमच्या वाट्याचं बोलणं आता घरात कुणी करायचं, ते अजून ठरायचंय.

सेल्वम अण्णांचं दुकान के. आर. पुरमला आहे, स्टेशनपासून आत, टायरवाल्याच्या वर. दोन बस बदलून गेलो. भिंतीवर एक वीणा, दोन व्हायोलिन आणि कितीतरी गिटारी टांगलेल्या. माणूस साठीचा, चष्मा कपाळावर. ते कन्नडात बोलतात आणि मला "मगा" म्हणतात, आपल्याकडं लेकरा म्हणावं तसं.

तर त्यांनी अंगठा फिरवून विचारलं, हे कुणी केलंय. आणि शेवटी मी म्हणालो, "माझ्या अप्पांनी. ते मशीनच्या पेट्या करतात."

ते हसले नाहीत. पण त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. गोड करून सांगितलेलं तुम्हाला आवडत नसे.

"चूक केली. कपचे काढायचे नसतात. तसेच आणले असतेस तर गोंद लावून एका दिवसात दिली असती, मोड दिसलीसुद्धा नसती."

म्हणजे मी बरोबर होतो. त्या दिवशी अंगणात मी बरोबर होतो, अप्पा. हे ऐकून मला काहीच वाटलं नाही. जिंकल्यावर समोर कुणी नसेल तर जिंकून काय करायचं?

मग त्यांनी दोन्ही तोंडं एकमेकांना लावली, खिडकीकडं धरली आणि मला म्हणाले, "बघ, कुठून उजेड दिसतो?"

दिसत नव्हता. कुठूनच नाही.

"हातानं? साध्या रंध्यानं?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा बघितलं. "चूक केली, पण चूक केल्यावर पुढचं काम खऱ्या कारागिराचं आहे. तिरका सांधा पाहिजे हे त्याला कळलं होतं. मला असा माणूस हवाच आहे. पाठव त्याला माझ्याकडं."

"ते नाहीत आता."

त्यांनी गिटार हळूच खाली ठेवली. स्टूल पुढं ओढलं. "बस, मगा."

थोड्या वेळानं ते कामाचं बोलले. तोंडं अशीच चिकटवली तर मान बोटभर आखूड होईल, तारा नीट बसणार नाहीत. मधे लाकूड घालावं लागेल. मी म्हणालो, लाकूड आहे. ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट फिरवला, कडेला फुंकर मारली आणि मान हलवली.

"हे नको. लाकूड जातीचं आहे, पण कापणाऱ्यानं बघून कापलेलं नाही. रेघा तिरक्या चालल्यात, बघ. याची उभी चकती काढली तर तारा ताणल्यावर पुन्हा तिथंच मोडेल. माझ्याकडं चांगलं लाकूड आहे, ते घालतो."

"हेच घाला."

"मोडेल म्हणतोय ना."

"अप्पांनी निवडलंय."

"त्यांनी निवडलं म्हणून लाकूड ऐकतं का?"

मी उभा राहिलो. मला एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, माझ्या अप्पांना लाकडाच्या रेघा कळत होत्या. डोकं कशामुळं मोडलं ते त्यांनी बघताक्षणी सांगितलं होतं. सरळ लाकडातून वाकडं कापलंय, म्हणाले होते. त्यांनी तीन आठवडे ढीग उपसून हा तुकडा काढलाय. तुम्ही एकदा बघून नको म्हणता? माझा आवाज चढला होता. खालून टायरवाल्यानं वर बघितलं. तुमची बाजू घ्यायला मला एवढा उशीर झाला.

सेल्वम अण्णा रागावले नाहीत. "एवढं कळत होतं म्हणतोस," ते म्हणाले, "मग त्यांना या तिरक्या रेघा दिसल्या नसतील का? तूच बघ. त्यांनी बघितलं असतं तसं बघ." आणि त्यांनी मला ओलं फडकं दिलं.

मी ठोकळा खिडकीपाशी नेला. तुम्ही करायचात तसा आधी पुसला. तेलाचा थर निघाला आणि खाली पेन्सिलची एक रेघ दिसली. तुमच्या कानावरच्या जाड पेन्सिलची. एका कोपऱ्याजवळून निघून दुसऱ्या टोकाला तिरकी गेलेली. तिच्या शेजारी, पातळ चकतीएवढं अंतर सोडून, दुसरी तशीच. मी म्हणालो, "अण्णा, जरा बघता का?"

त्यांनी पोलादी पट्टी लावली. रेघ लाकडाच्या रेघांना धरून चालली होती, केसभरसुद्धा इकडंतिकडं नाही. मग त्यांनी ठोकळा आडवा फिरवून बाजूला बघितलं. तिथंही तुम्ही खूण केली होती.

"अय्यो," ते म्हणाले. "असं कापलं तर बसतं. पण असं कोण कापतं? पाऊण ठोकळा फुकट जातो."

पाऊण ठोकळा फुकट, अप्पा. तुम्ही लाकूड फुकट घालवत नव्हतात. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचात, हाताएवढ्या फळीतूनसुद्धा काहीतरी निघेल म्हणून घरी आणायचात. आईचा पोळपाट, माझं टेबल, देवाचं फडताळ, सगळं पेट्यांच्या उरलेल्या लाकडाचं. त्या माणसानं चांगल्या ठोकळ्याचा पाऊण भाग टाकून द्यायची रेघ मारली होती. पेटीला कुणी असं कापत नाही. मी अंगणात जे ओरडलो ते तुम्ही घेऊन गेला होतात. मनाला लावून घेतलं असेल की नाही, ते मला कळायचा आता मार्ग नाही. पण तुम्ही ते कामातही घेतलंत. ही पेटी नाही, म्हणून पेटीसारखं कापायचं नाही.

सेल्वम अण्णांनी करवत घेतली. मी म्हणालो, "रेघ जाईल का?"

"करवत रेघेच्या बाहेरून चालवायची. मग रंध्यानं रेघेपर्यंत यायचं. शेवटी रेघ जातेच, मगा. ती त्यासाठीच असते." ते थांबले. "नाहीतर हा ठोकळा असाच घरी ने. फोटोपुढं ठेव. मी माझं लाकूड घालतो. तू सांग."

मी विचार केला. मला विचार करायला वेळ लागतो आणि त्यांनी तो दिला. तुमच्या हातची तेवढीच ती रेघ होती. घरी तुमच्या हातचं बाकी पुष्कळ आहे, पण माझ्यासाठी मारलेली, मला उत्तर म्हणून मारलेली, ती एकच. तरी मी म्हणालो, "कापा." तुम्हीही तेच म्हणाला असतात. वस्तू बघत बसायची नसते, म्हणाला असतात.

लाकूड आतून पिवळसर निघालं, मधासारखं. दोन्ही बाजूंना तुम्ही रंधा मारलेली तोंडं होतीच, त्यांना त्यांनी हात लावला नाही. "याच्यावर मी काही करण्यासारखं नाही," म्हणाले. फक्त चकती त्या मापाला आणली, लावून बघितली, पुन्हा थोडी घासली, पुन्हा लावली. मग गोंद लावला.

"आता इकडं ये. डोकं तिरकं आहे, शिकंजा आवळताना सरकतं. गोंद पकडेपर्यंत कुणीतरी धरावं लागतं. माझा हात पुरत नाही. धर. घट्ट नाही, नुसतं जागेवर."

मी दोन्ही हातांनी धरलं. एका तळव्याला तुम्ही रंधा मारलेलं लाकूड लागत होतं, मधे बोटाला तुम्ही निवडलेलं. सेल्वम अण्णा एकेक पेच आवळत होते, इकडचा थोडा, तिकडचा थोडा. सांध्यातून गोंदाचे बारीक थेंब बाहेर आले. आणि मी बोलायला लागलो. ठरवून नाही. मोठ्यानं, मराठीत. म्हणालो, अप्पा, चेन बिघडली नव्हती. मला लाज वाटली. खुणा फार चांगल्या होत्या, मी दुसऱ्याच्या आहेत म्हणून सांगितलं. आणि पेटीचं बोललो ते चुकलं माझं. कपच्यांचं तुमचं चुकलं, पण बाकी सगळं बरोबर होतं तुमचं. बाकी सगळं.

सेल्वम अण्णा पेच आवळायचे थांबले. त्यांना मराठी येत नाही.

"कुणाशी बोलतोयस?"

"अप्पांशी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"सरी," ते म्हणाले. "बोल. पण हात हलवू नको."